नदीत राख, घाटावर पोकलेन: विदर्भातल्या गावाने हरित न्यायाधिकरणात दाद कशी मागावी

उरण तालुक्यातल्या कोळ्यांची मासेमारी बंदराच्या भरावामुळे आणि खारफुटीच्या तोडीमुळे बुडाली, तेव्हा ते पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केला. विदर्भाला समुद्र नाही, पण कोळ्यांनी ज्या कायद्याच्या आधारे भरपाई मागितली तो कायदा आपल्यालाही तेवढाच लागू आहे. वैनगंगेवर जाळं टाकणारा ढिवर, ज्याच्या वावरात राख शिरली तो शेतकरी, खदानीच्या सुरुंगाने ज्याची भिंत तडकली तो माणूस, या सगळ्यांसाठी पुण्याचं ते दार उघडं आहे.

एक फरक मात्र मोठा आहे. किनाऱ्यावर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना आहे, १९९१ची, मग २०११ची, मग २०१९ची. नकाशावर रेष असते आणि रेषेच्या आत काय चालतं, काय चालत नाही ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे अशी तयार रेष नाही. आपली नदी, बोडी (शेतातलं लहान तळं), तलाव, झुडपी जंगल कोणत्या कायद्याने राखलेलं आहे, हे प्रत्येक गावाला स्वतःच्या कागदांतून दाखवावं लागतं. म्हणून निकाल पुण्यात किंवा नागपुरात लागत असला तरी खटला उभा राहतो तो गावात, पटवाऱ्याच्या दप्तरात आणि ग्रामसभेच्या वहीत. हा लेख मुख्यतः त्या कामाबद्दल आहे.

दार कोणतं, हे आधी ठरवा

हरित न्यायाधिकरण २०१०च्या कायद्याने झालं. महाराष्ट्रासाठी त्याचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. त्याच्याकडे फक्त सात कायद्यांचे वाद जातात: पाणी प्रदूषण (१९७४), पाणी उपकर (१९७७, हा कायदा २०१७ मध्ये रद्द झाला), वन संवर्धन (१९८०), हवा प्रदूषण (१९८१), पर्यावरण संरक्षण (१९८६), सार्वजनिक दायित्व विमा (१९९१) आणि जैवविविधता (२००२). पर्यावरण मंजुरीची २००६ची अधिसूचना १९८६च्या कायद्याखालची आहे, त्यामुळे खदान, औष्णिक केंद्र, सिमेंट कारखाना, रेतीघाट यांच्या मंजुरीचे वाद इथेच येतात.

या यादीत काय नाही ते नीट बघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नाही. वनहक्क कायदा २००६ नाही. ताडोबाच्या आसपास वाघाच्या भ्रमणमार्गातून रस्ता जात असेल, किंवा सामूहिक वनहक्काचा दावा डावलून जंगल दिलं जात असेल, तर तो वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे न्यावा लागतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क हाती असलेल्या गावाची बाजू कितीतरी भक्कम असते, पण त्या हक्कावर घाला आला तर पुण्याला जाऊन उपयोग नाही.

अवैध रेतीचं थोडं वेगळं आहे. चोरीचा उपसा म्हणजे महसूल कायद्याचा भंग. महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तहसीलदार वाहन जप्त करू शकतो आणि बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावू शकतो, म्हणून पहिली तक्रार तहसीलला करा. नदीचं पात्र खोल गेलं, काठ ढासळला, नळयोजनेची विहीर आटली, तर ते पर्यावरणाचं नुकसान झालं आणि ते हरित न्यायाधिकरणात नेता येतं. घाटाचा रीतसर लिलाव झालेला असेल तर मंजुरीतल्या अटी काढा: किती खोल, किती ब्रास, यंत्राला परवानगी आहे का, कोणत्या वेळेत. अनेकदा सगळा वाद त्या एका कागदातच सापडतो.

मुदत

सगळ्यात जास्त प्रकरणं इथे मरतात, म्हणून यावर जरा थांबतो.

हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात तीन घड्याळं आहेत. मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर कलम १६ खाली अपील, मुदत ३० दिवस. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. म्हणजे ९० दिवस संपले की दार बंद, मग कारण कितीही खरं असो. प्रदूषण थांबवा, बेकायदा काम बंद करा, अशी मागणी असेल तर कलम १४. त्याला वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, वर ६० दिवस. नुकसानभरपाई हवी असेल किंवा नदी-तलाव-जमीन पूर्ववत करून हवी असेल तर कलम १५. त्याला पाच वर्षं, वर ६० दिवस.

‘पहिल्यांदा’ हा शब्द अडचणीचा आहे. राख तीन वर्षांपासून येतेय, असं अर्जात तुम्हीच लिहिलं तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला कलम १४ची मुदत संपल्याचं म्हणेल. म्हणून प्रत्येक नवी घटना वेगळी नोंदवून ठेवा. बांध फुटला ती तारीख, नवा राख तलाव सुरू झाला ती तारीख, प्रदूषण मंडळाची संमती संपूनही कारखाना चालू राहिला ती तारीख. जुलै २०२२ मध्ये कोराडी औष्णिक केंद्राचा खसाळा इथला राखेचा बांध फुटला आणि राख शेतात, नाल्यात, नदीत गेली. अशी घटना म्हणजे वादाचं नवं, स्वतंत्र कारण असतं. सहा महिने टळलेच असतील तर हाय खाऊ नका. कलम १५ खाली पूर्ववत करण्याची मागणी मुख्य ठेवून अर्ज बांधता येतो, त्यासाठी वकिलाशी पहिल्याच भेटीत मुदतीवर बोला.

मंजुरीच्या बाबतीत ३० दिवस कधीपासून मोजायचे यावर पुष्कळ वाद झाले आहेत. मंजुरी संकेतस्थळावर येते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, ग्रामपंचायतीला प्रत येते, आणि या तिन्ही तारखा वेगळ्या असू शकतात. तुम्ही सगळ्यात आधीची तारीख धरून चला. तालुक्यात मोठा प्रकल्प येतोय हे माहीत असेल तर गावातल्या एका शिकलेल्या पोराला किंवा पोरीला केंद्राच्या परिवेश या मंजुऱ्यांच्या पोर्टलवर दर आठवड्याला नजर ठेवायचं काम द्या. या एका सवयीने अख्खी केस वाचू शकते.

गावातले कागद

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. तो पुरेसा नाही. आपल्या भागात दोन जुने कागद आहेत आणि त्यांची ताकद लोक विसरले आहेत: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे. निस्तार पत्रकात गावाने गुरं कुठे चारायची, जळण-लाकूड, माती-मुरूम कुठून आणायचा, हे लिहिलेलं असतं. वाजिब-उल-अर्जमध्ये खाजगी जमिनीतल्या वा पाण्यातल्या वहिवाटी असतात: ओलिताचा हक्क, वाट, मासेमारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या माजी मालगुजारी (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या) तलावांबद्दल वाद असेल तर हाच कागद आधी काढा. उरणच्या कोळ्यांची मागणीही मासेमारीच्या पारंपरिक हक्कावरच उभी होती. आपल्याकडे तो हक्क सरकारी दप्तरात लिहिलेला सापडू शकतो, ही मोठी जमेची बाजू आहे.

या तलावांबाबत एक सावधगिरी. लोक उत्साहाने ‘पाणथळ जागा’ म्हणून २०१७च्या नियमांवर बोट ठेवतात. त्या नियमांतून नदीचं पात्र, धानाची शेती आणि खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळले आहेत. समोरची बाजू हे पहिल्या मिनिटात दाखवेल. म्हणून निस्तार, मासेमारी संस्थेचा ठेका आणि गावतलाव, गोचर अशा सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात दिलेला निकाल, यांवर जास्त भर द्या.

दुसरी गोष्ट झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत हजारो हेक्टर जमीन महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ आहे. ती वन आहे की नाही यावर अनेक वर्षं घोळ होता. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वन कशाला म्हणायचं याबद्दलच्या आपल्याच १२ डिसेंबर १९९६च्या आदेशाला धरून, ती वनजमीनच मानायची असं स्पष्ट केलं. म्हणजे खदानीचा मलबा, कंपनीचा रस्ता किंवा राखेची पाइपलाइन झुडपी जंगलाच्या गटातून जात असेल तर केंद्राची वन मंजुरी लागते. ती नसेल तर वाद थेट १९८०च्या कायद्याखाली येतो, म्हणजे पुण्याच्या कक्षेत. प्रकल्पाच्या गट क्रमांकांची यादी घ्या आणि पटवाऱ्याकडून प्रत्येक गटाची नोंद तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याचं फळ मोठं मिळू शकतं.

याच कारणासाठी मोपाचा निकाल वाचण्यासारखा आहे. गोव्यातल्या या विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली, कारण अर्जाच्या नमुन्यात आजूबाजूच्या वनांची आणि संवेदनशील भागांची माहिती नीट दिलेली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून ती स्थगिती उठली. तरी धडा टिकून आहे: कंपनीने अर्जात जे लिहिलं त्याच्याशी गावाचा नकाशा ताडून बघा. ‘दहा किलोमीटरच्या आत जलस्रोत नाही’ असं लिहिलेलं असेल आणि तुमचा तलाव दीड किलोमीटरवर असेल, तर तो नकाशाच तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे.

नुकसान दाखवायचं कसं

भावना कितीही खऱ्या असल्या तरी न्यायाधिकरणाला आकडे आणि तारखा लागतात. एक जाड वही करा. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, कोण हजर होतं, खाली सह्या. फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या, व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली प्रत कामाची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडायचं असतं. हरित न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याने बांधलेलं नाही, तरी प्रमाणपत्र द्या. पुढे प्रकरण वर गेलं तर उपयोगी पडतं. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं दिसतात, नदीचा काठ किंवा मलब्याचा डोंगर कसा वाढला हे त्यातून फार स्वच्छ कळतं.

पाण्याच्या नमुन्याबद्दल गैरसमज खूप आहेत. गावकऱ्यांनी बाटलीत भरलेलं पाणी हा पाणी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घेतलेला नमुना होत नाही. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी मागणी करा की आमच्या समक्ष नमुना घ्या आणि अहवालाची प्रत द्या. तोवर आपलाही नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या: स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा, पंचासमोर बाटलीवर चिठ्ठी लावा. नदीचा नमुना नाला मिळतो त्या जागेच्या वर आणि खाली, असा दोन्हीकडचा घ्या. नुसतं खालचं पाणी वाईट निघालं तर ते कोणी बिघडवलं हे सिद्ध होत नाही. पिण्याच्या विहिरींसाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नियमित तपासणी होत असते. मागच्या वर्षांचे ते अहवाल मागवा, कारण ‘पूर्वी पाणी चांगलं होतं’ हे सांगायला तेवढाच सरकारी आधार असतो.

भरपाईचे प्रकार २०१०च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दिले आहेत. त्यात दुभती आणि ओढकामाची जनावरं, जलचर, पिकं, भाजीपाला, फळबागा, धंदा किंवा रोजगार बुडणं, खाजगी मालमत्तेचं नुकसान, हे सगळं येतं. त्या प्रत्येकाला वेगळा कागद लागतो. कापसावर कोळशाची धूळ बसून भाव पडला असेल तर धूळ येण्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांच्या बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या ठेवा, सोबत धूळ न बसणाऱ्या लगतच्या गावातल्या कोणाच्या तरी. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या, नुसता पंचनामा पुरत नाही. ढिवर बांधवांनी मत्स्य सहकारी संस्थेची ठेक्याची पावती, बीज सोडल्याच्या पावत्या आणि मासळीविक्रीची नोंद जपावी. सुरुंगाच्या तड्यांसाठी भिंतीवर तारीख टाकून फोटो काढा आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला लिहा.

तक्रार आणि माहिती अधिकार

पुण्याला जाण्याआधी तक्रारींची माळ तयार हवी. जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, विषयाप्रमाणे खनिकर्म शाखा, पाटबंधारे किंवा वन विभाग. रजिस्टर पोस्टाने पाठवा किंवा आवक शिक्का घ्या. तक्रार एका पानात: काय घडलं, कुठल्या गटात, कधीपासून, काय करायला हवं. त्यासोबत ग्रामसभेचा ठराव. सभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी गणपूर्ती झाली हे इतिवृत्तात लिहिलेलं हवं. ‘प्रकल्पाला विरोध’ एवढ्यावर ठराव थांबवू नका. गट क्रमांक, तलावाचं नाव, बाधित कुटुंबं आणि मागणी, हे सगळं त्यात यावं.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. उत्तराला ३० दिवस, पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. मागायचं काय? कारखान्याची चालवण्याची संमती आणि तिच्या अटी, मंडळाचे तपासणी अहवाल, कारणे दाखवा नोटिसा, रेतीघाटाचे वाहतूक पास. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. तो नक्की मागा. ‘हरित पट्टा पूर्ण’ असं लिहिलेलं असतं आणि तिथे बाभळीही नसतात, अशा वेळी त्याच जागेचा फोटो अहवालाच्या पानाला जोडायचा.

माहिती अधिकाराची वाट बघताना कलम १६च्या अपिलाचं ३० आणि ९० दिवसांचं घड्याळ थांबत नाही, हे ध्यानात ठेवा. कागद अर्धे असले तरी अर्ज मुदतीत टाका, उरलेले नंतर जोडता येतात.

जनसुनावणी

नवा प्रकल्प असेल तर ही संधी पुन्हा येत नाही. सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते, आणि प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी ठेवावा लागतो. मराठी प्रत नसेल तर सुनावणीच्या आधीच लेखी हरकत घ्या.

सुनावणीत गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे बहिष्कार टाकून सुनावणी रद्द होत नाही, उलट ‘हरकत आली नाही’ असं इतिवृत्त तयार होतं. माझं मत स्पष्ट आहे: राग कितीही असो, मांडवात जा. विषय वाटून घ्या. एकाने पाणी, दुसऱ्याने धूळ, बायांनी विहिरी आणि जळण, ढिवरांनी मासे. बोलून झालं की तेच लेखी द्या आणि पोच घ्या. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं आणि शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवून जिल्हाधिकाऱ्याने किंवा त्याच्या प्रतिनिधीने त्याच दिवशी सही करायची असते. ते वाचन होईपर्यंत कोणी घरी जाऊ नये. तुमचा मुद्दा गाळला असेल तर तिथेच उभं राहून सांगा.

अर्ज

भरपाईची मागणी नसेल तर शुल्क १,००० रुपये. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, पण किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे. कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून सातबारा, ठराव, पंचनामे यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. हा खर्च आणि वेळ आधीच धरा. स्वतः उभं राहता येतं, दूरदृश्य प्रणालीने सुनावणीही होते, तरी कलमांची गुंतागुंत बघता वकील असलेला बरा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत मदत मिळू शकते. गावातल्या एखाद्या बाईने अर्जदार व्हावं, याला हेही एक कारण आहे.

मागण्या सुट्या लिहा. न्यायाधिकरण कारखान्यावर पर्यावरणीय भरपाई बसवतं तेव्हा ती रक्कम साधारणपणे प्रदूषण मंडळाकडे जमा होते, तुमच्या घरी येत नाही. स्वतःची भरपाई कलम १५ खाली, कुटुंबनिहाय तक्त्यासह, वेगळी मागावी लागते. सोबत दोन गोष्टी: तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने गावकऱ्यांसमक्ष पाहणी करावी, आणि अंतिम निकाल लागेपर्यंत काम थांबावं. समिती येईल त्या दिवशी वही, नकाशा आणि दाखवायच्या जागांचा क्रम तयार ठेवा. तिच्या अहवालावर पुढचं सगळं ठरतं.

वर्तमानपत्रातल्या बातमीवरून किंवा साध्या पत्रावरूनही न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं, ते ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. पत्र जरूर पाठवा, पण त्याच्या भरवशावर मुदत घालवू नका.

गावातली फूट

रेतीवर गावातल्याच पोरांचे ट्रॅक्टर चालतात, खदानीत गावचीच माणसं कामाला असतात. त्यांना शत्रू केलं की साक्षीदार पांगतात. ग्रामसभेत त्यांच्या मजुरीचंही बोला, आणि मागणीत बेकायदा उपसा व अटींचा भंग यावरच बोट ठेवा. रात्री घाटावर एकट्याने जाऊ नका, रेतीचा हायवा (मोठा ट्रक) अडवू नका. फोटो दिवसा, दोघा-तिघांनी मिळून काढा. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्या. अर्जदार एकच माणूस ठेवण्यापेक्षा पाच-सात जण ठेवा, म्हणजे दबाव एकावर येत नाही.

आदेशानंतर

न्यायाधिकरणाच्या आदेशावर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील होऊ शकतं, म्हणून विरुद्ध बाजूने अपील केल्यास कळावं यासाठी तिथे कॅव्हेट दाखल करून ठेवा. आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. मुदत उलटूनही काम झालं नाही तर अंमलबजावणीचा अर्ज करा.

इथे किती चिकाटी लागते ते डहाणूवरून कळतं. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे देखरेखीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं. प्राधिकरणाने औष्णिक केंद्राला धुरातला गंधक वायू काढणारी यंत्रणा बसवायला १९९९ मध्ये सांगितलं. ती प्रत्यक्ष चालू झाली २००७ मध्ये. मधली आठ वर्षं तारखा, तपासण्या आणि बँक हमीच्या आदेशांत गेली.

म्हणून आदेश हाती आला की त्यातल्या प्रत्येक अटीसमोर तारीख आणि जबाबदार अधिकारी लिहून तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. दर ग्रामसभेत तो विषयपत्रिकेवर घ्या, काय झालं आणि काय नाही ते इतिवृत्तात नोंदवा, आणि त्या नोंदीची प्रत जिल्हाधिकारी व प्रदूषण मंडळाला पाठवा. अंमलबजावणीच्या अर्जाला हीच इतिवृत्तं जोडायची आहेत.